बोट वाचलं, सांध्याचं काय?

१९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपची भोवती दाटी झाली. पत्रा सरकवताना हात क्षणभर डायखाली राहिला तरी बोट चेचतं. असे जखमी कामगार शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयात येतात. तिथे पहिली धडपड बोट वाचवण्याची. पण वाचलेलं बोट वाकेलच असं नाही.

सांधा बदलण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९५९ मध्ये ब्रॅनन आणि क्लाइन या अमेरिकी शल्यविशारदांनी धातूच्या बिजागरीचे अनुभव मांडले. साठच्या दशकात मिशिगनच्या आल्फ्रेड स्वान्सन यांनी सिलिकॉनचा लवचिक, अखंड सांधा आणला. त्याभोवती शरीर स्वतःच तंतूंचं वेष्टन तयार करतं. संधिवाताने झिजलेल्या हातांना त्याने मोठा दिलासा दिला.

प्रेसवरच्या हाताची गरज मात्र वेगळी. चिमटीत वस्तू धरताना तर्जनीवर बाजूने जोर येतो आणि तो सिलिकॉनला पेलत नाही. म्हणून तर्जनीचा मधला सांधा पुष्कळदा किंचित वाकवून कायमचा जोडून टाकतात. हालचाल जाते, पण दुखणं थांबतं आणि पकड टिकते. कष्टकऱ्यासाठी हा सौदा बरेचदा योग्यच ठरतो. अनामिका आणि करंगळीचं तसं नाही. हातोड्याचा दांडा मुठीत घट्ट बसायला ती वाकावीच लागतात.

भारतात हाताच्या शस्त्रक्रियेच्या शास्त्राला वळण दिलं कुष्ठरोग्यांच्या हातांनी. चाळीसच्या दशकाअखेर पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला वाकड्या बोटांवर स्नायूबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच काम पुढे नेलं. सांधा ताठ असेल तर वळवलेला स्नायूबंध ओढणार तरी काय? म्हणून आधी मेणाचा शेक, व्यायाम आणि टप्प्याटप्प्याने बदललेलं प्लास्टर लागे.

पुढे मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी बारीक तारा आणि दांड्यांची बाहेरून बसवायची चौकट विकसित केली. ती ‘जेस’ म्हणून ओळखली जाते. चेचलेला सांधा हळूहळू ताणून अस्थिबंधांच्या ओढीने हाडाचे तुकडे जागेवर आणता येतात. महागडं रोपण न परवडणाऱ्यांसाठी हे मोलाचं काम होतं.

२०२५ पर्यंत लागू असलेला नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट गेलं तर १२ टक्के कमाईक्षमता घटली असं धरत असे. ताठरलेल्या सांध्याला त्या कायद्याच्या यादीत ठरलेला आकडा नव्हता. तिथे डॉक्टरांचं मूल्यमापन लागे. कामगार विमा असलेल्याला कामावर जाता येत नाही तोवर ९० टक्के वेतन मिळतं, त्यामुळे व्यायामाला अवधी मिळतो. नोंदणी नसलेल्या कंत्राटी कामगाराला मात्र सांधा मोकळा होण्याआधीच मशीनवर परतावं लागतं.