शेंडा वाचला तर रान वाढते

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत ग्लेनफेशी नावाचे खोरे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे पाइनची दोन-दोनशे वर्षांची, क्वचित त्याहूनही जुनी, झाडे जागोजागी उभी होती. कोवळे झाड मात्र शोधूनही सापडत नसे. तिकडचे लोक अशा जुन्या पाइनला ‘आजी’च म्हणतात, पण या आज्यांना नातवंडे नव्हती. बी पडत होते, रुजतही होते. हीदरच्या झुडपांतून कोंब जरा वर आला, की हिवाळ्यात भुकेली हरणे त्याचा शेंडा खुडत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. घोट्याएवढी दिसणारी काही रोपे वयाने चांगली थोराड असत.

हे हरीण म्हणजे रेड डिअर, आपल्या सांबराचे नातलग. खरे तर ते रानातच राहणारे जनावर. त्याला उघड्या माळावर आणले ते माणसाने. जंगल बरेचसे तोडले गेले आणि अठराव्या शतकापर्यंत लांडगाही संपला. मग जमीनदारांनी कुळांना हुसकावून मेंढ्या आणल्या. मेंढ्यांचा धंदा बसला तेव्हा शिकारीची हौस आली. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने १८५२ साली बाल्मोरल घेतले आणि हरणाची शिकार हे श्रीमंतांचे मिरवण्याचे साधन झाले. इस्टेटीची किंमत तिथे वर्षाला किती नर मारता येतात यावर ठरू लागली. मग हरणे कमी करायची कोणी, आणि कशाला?

आज स्कॉटलंडमधली सगळ्या जातींची हरणे मिळून अंदाजे दहा लाख भरतात. १९९० च्या सुमारास ती याच्या निम्मी होती. जुन्या पाइनवनाचे मात्र सरकारी यादीत ८४ तुकडे उरले आहेत, तेही विखुरलेले.

घाई आहे ती आज्यांच्या वयाची. पाइनचे बी वाऱ्यावर उडते, पण बहुतेक बी झाडापासून शे-दोनशे मीटरच्या आतच पडते. म्हणजे जुने झाड वारस न ठेवता कोसळले, तर त्या भागात जंगल आपणहून परत येणे कठीण. मग रोपवाटिकेतून रोपे आणून लावायची, आणि तीही हरणांनी खायची.

पहिला उपाय सुचतो तो कुंपणाचा. सहा-सात फूट उंच जाळी घातली, की आत झाडे वाढतात यात शंका नाही. पण खर्च अफाट. शिवाय बाहेर हाकललेली हरणे शेजारच्या डोंगरावर गर्दी करतात. आणि कॅपरकेली नावाचा टर्कीएवढा रानकोंबडा वेगाने उडताना तारेवर आपटून मरतो. स्कॉटलंडमध्ये हे पक्षी आता पाचशेच्या आसपासच उरलेत. ज्या पक्ष्यासाठी पाइनवन हवे, तोच वनाच्या कुंपणाने मरावा, हा विचित्रच प्रकार. त्यामुळे काही ठिकाणी सरकारी पैशाने कुंपणे काढावी लागली.

उरते बंदूक. क्रेग मेगी या डोंगरावर १९८५ नंतर हा मार्ग कुंपणाशिवाय चोखाळला गेला. एका कंपनीला तिथे परदेशी स्प्रूसची लागवड करायची होती. निसर्गरक्षणाच्या सरकारी संस्थेने ती जमीनच विकत घेतली आणि हरणे कमी केली. काही वर्षांत बर्चची रोपे हीदरच्या वर डोके काढू लागली. कोणी लावली नव्हती ती.

ग्लेनफेशीत मात्र मोठा तंटा झाला. २००४ साली सरकारी हरीण आयोगाने हेलिकॉप्टर वापरून हरणे मारली तेव्हा शिकाररक्षक संतापले. यात क्रूरता आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हिवाळ्यात चारा न मिळून उघड्या डोंगरावर हरणे उपासमारीने मरतात, तेही काही दयेचे दृश्य नव्हे. २००६ साली डॅनिश उद्योगपती अँडर्स पोवल्सन यांनी ही इस्टेट घेतली आणि मारण्याचे काम नेटाने चालू ठेवले. जंगल आपणहून उगवायचे, तर चौरस किलोमीटरला साधारण पाचांहून कमी हरणे लागतात. ग्लेनफेशीत ती एक-दोनवर आली. आता नदीकाठी पाइन, बर्च, रोवन यांची माणसाच्या उंचीहून वर गेलेली झाडी आहे.

यात एक हिशेब शिकारी लोकांना नीट ठाऊक असतो. शिंगवाला नर मारून संख्या घटत नाही; माद्या माराव्या लागतात. भिंतीवर टांगायला त्यांना शिंगे नसतात, त्यामुळे पैसेवाल्या पाहुण्यांना त्यात रस नसतो. ते काम पगारी माणसांनी नोव्हेंबर-डिसेंबरच्या बर्फा-पावसात करायचे. नरांच्या शिकारीवरचे हंगामाचे बंधन २०२३ मध्ये उठले, पण खरी मेहनत तिथे नाहीच.

चराईबंदी आपल्याकडे नवी नाही. हिवरे बाजार या गावाने डोंगरावर गुरे सोडणे बंद केले आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली; गायरानाचे रूप पालटले. पण गाईला मालक असतो, तिला दावणीला बांधता येते. स्कॉटलंडच्या कायद्यात जिवंत रानहरीण कोणाचेच नसते. मारण्याचा हक्क मात्र जमीनमालकाचा. एकाने मारावे आणि शेजाऱ्याने पोसावे, तर हरणे रातोरात हद्द ओलांडून येतात. म्हणूनच केर्नगॉर्ममध्ये लागून असलेल्या जमिनींच्या मालकांनी एकत्र येऊन सुमारे ६०० चौरस किलोमीटरवर दोनशे वर्षांची योजना आखली आहे.

लांडगा परत आणा, असे म्हणणारेही आहेत. मेंढपाळ अर्थातच ऐकत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये तर किंग्यूसी गावाजवळ कोणीतरी गुपचूप चार लिंक्स, म्हणजे मोठे रानबोके, सोडले. दोन दिवसांत सगळे पकडले गेले आणि त्यातला एक दगावला.

शिकारी जनावरे परत येईपर्यंत बंदुकीवरच भिस्त. गंमत अशी, की रोप हरणाच्या तोंडाच्या वर, म्हणजे माणसाच्या उंचीपलीकडे गेले, तरी काम सरत नाही. झाडीत हरणाला चारा चांगला मिळतो, आडोसा मिळतो, माद्या सुदृढ होतात आणि वेळेवर वितात. शिवाय उघड्या डोंगरावर दुर्बिणीने मैलभरावरून दिसणारे जनावर दाट झाडीत दहा पावलांवरूनही दिसत नाही. उष्णतेवरून जनावर ओळखणाऱ्या दुर्बिणी घेऊन, काही ठिकाणी परवाना काढून रात्रीही, शिकाऱ्यांना आता त्या नव्या रानात उतरावे लागते.