‘पासआऊट’ झालात की बेशुद्ध?

‘आय पास्ड आऊट इन २०२१.’ रेझ्युमेत, इंटरव्ह्यूत, अगदी लग्नाच्या बायोडेटातही आपण हे बिनधास्त ठोकून देतो. इथे कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. पण हेच वाक्य न्यूयॉर्कच्या क्लायंटला ऐकवून बघा. बिचारा काळजीने विचारेल, ‘अरे बापरे! मग आता बरं आहे ना?’

कारण सिंपल आहे. अमेरिकेत काय किंवा इंग्लंडमध्ये काय, रोजच्या बोलण्यात ‘पास आऊट’ म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हात चक्कर आली, रक्त बघून कुणी कोसळलं, पार्टीत जरा जास्तच झाली आणि स्वारी सोफ्यावर आडवी... सगळं ‘पास आऊट’!

मग आपण चुकतोय का?

अगदीच तसं नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचं किंवा पोलिसांचं ट्रेनिंग पूर्ण करण्यालाही ‘पास आऊट’च म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएची ‘पासिंग आऊट परेड’ आठवतेय ना? ३० मे २०२५ला तिथून मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, १७ जणींची. त्या ‘पास आऊट’ झाल्या, हे शंभर टक्के करेक्ट! आपण भारतीयांनी तोच शब्द कॉलेजलाही लावला, इतकंच. शिवाय मराठीत आपण ‘कॉलेजमधून बाहेर पडलो’ म्हणतोच. त्यामुळे तो ‘आऊट’ कानाला अगदी घरचा वाटतो.

कुठे काय म्हणाल?

- डिग्री घेतली: ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१.’ जगात कुठेही चालेल.
- शाळा संपली: ‘आय फिनिश्ड स्कूल.’ अमेरिकेत शाळेलाही ‘ग्रॅज्युएटेड’ चालतं.
- अमेरिकन बॉस कागदांचा गठ्ठा हातात देऊन ‘पास दीज आऊट’ म्हणाली, तर घाबरू नका. कागद सगळ्यांना वाटायचेत.
- कुणी ‘पास्ड ओव्हर’ झाला, तर त्याचं प्रमोशन हुकलंय. सांत्वन करा.
- आणि ‘पास्ड अवे’? म्हणजे तो गेलाच. इथे गल्लत नको!

पुण्या-मुंबईत ‘२०२१ पासआऊट’ खुशाल म्हणा. इथल्या नोकरीच्या जाहिरातीही तेच छापतात. पण परदेशी पॅनेलसमोर पहिली दोन मिनिटं तुमच्या कामावर खर्च व्हायला हवीत, तुमच्या तब्येतीवर नाही. तेव्हा आज लंच ब्रेकमध्ये रेझ्युमे उघडा आणि तेवढी एक ओळ बदलून टाका.