कमी उंचीच्या स्पोर्ट्स कारचे इंजिन ऑइल बदलणे

कमी उंचीच्या स्पोर्ट्स कारचे इंजिन ऑइल बदलणे ही मोटारीच्या नियमित देखभालीतील एक क्रिया आहे. तीत इंजिनातील जुने वंगण तेल काढणे, ऑइल फिल्टर बदलणे आणि निर्मात्याने ठरवून दिलेल्या श्रेणीचे नवे तेल मोजून भरणे यांचा समावेश होतो. तेल बदलण्याचे तत्त्व सर्व मोटारींत सारखेच असते. मात्र स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीच्या फार जवळ असल्याने गाडी सुरक्षितपणे उचलणे व ती समपातळीत ठेवणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग ठरतो. मालक हे काम स्वतः करतो तेव्हा सर्वांत मोठा धोका तेलाचा नसून अपुऱ्या आधारावर उचललेल्या गाडीचा असतो. काढलेल्या तेलाची विल्हेवाट हाही या कामाचाच भाग असून भारतात वापरलेले इंजिन ऑइल घातक कचऱ्यात गणले जाते.

इंजिन ऑइलचे कार्य व ऱ्हास

इंजिन ऑइल फिरत्या व सरकत्या भागांमध्ये पातळ थर निर्माण करून घर्षण कमी करते. याशिवाय ते दट्ट्या व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेते, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी स्वतःत धरून ठेवते आणि धातूचे गंजापासून रक्षण करते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बोचा दंड मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या थरावरच तरंगत असल्याने अशा इंजिनात जुने तेल विशेष हानिकारक ठरते.

उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते, त्यातील पूरक रसायने हळूहळू संपतात आणि न जळलेले इंधन व पाणी त्यात मिसळते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. यातील बहुतेक वाफ धुरांड्यातून बाहेर पडते, तर थोडी दट्ट्याच्या कड्यांवरून इंजिनाच्या खालच्या भागात शिरते. लांबच्या प्रवासात तेल पुरेसे तापून हे पाणी उडून जाते. परंतु गाडी केवळ चार-पाच किलोमीटरच चालविली जात असेल, तर ते तेलातच साचत राहते. त्यामुळे निर्माते तेल बदलण्यासाठी किलोमीटरबरोबरच कालमर्यादाही देतात. ही मर्यादा सामान्यतः एक वर्षाची असते आणि दोहोंपैकी जे आधी येईल ते पाळायचे असते. आठवड्याच्या सुटीतच बाहेर निघणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत बहुधा कालमर्यादाच आधी येते.

तेलाची श्रेणी

तेलाच्या घट्टपणाची श्रेणी एसएई जे३०० या मानकानुसार ठरते. ‘५डब्ल्यू-३०’ या खुणेतील ‘डब्ल्यू’ सह येणारा आकडा थंडीतील वर्तन दर्शवितो, तर दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा दर्शवितो. १०० अंश सेल्सिअसला ‘३०’ श्रेणीच्या तेलाची गतिज श्यानता ९.३ ते १२.५ आणि ‘४०’ श्रेणीच्या तेलाची १२.५ ते १६.३ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद या मर्यादांत असते. ‘५डब्ल्यू’ ची चाचणी शून्याखाली ३० अंश व त्याहून कमी तापमानात होते. कोकणात असे तापमान कधीच येत नाही, परंतु म्हणून पहिला आकडा निरर्थक ठरत नाही. गाडी सुरू करताना कोणतेही तेल तापलेल्या स्थितीपेक्षा बरेच घट्ट असते आणि पहिला आकडा लहान असलेले तेल साधारणतः लवकर सर्वत्र पोहोचते.

जाड तेल म्हणजे अधिक संरक्षण, हा समज नेहमीच बरोबर नसतो. बेअरिंगमधील फट व तेलपंपाची क्षमता विशिष्ट श्रेणी गृहीत धरून आखलेली असते. त्यामुळे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली श्रेणी व गुणवत्ता मानक या दोन्हींची पूर्तता करणारेच तेल वापरावे लागते.

कमी उंचीमुळे येणाऱ्या अडचणी

नेहमीच्या ट्रॉली जॅकची किमान उंची बहुधा १३० ते १४० मिलिमीटर असते. अनेक स्पोर्ट्स कारचा तळ याच उंचीवर किंवा त्याखाली असल्याने जॅक गाडीखाली सरकतच नाही. कमी उंचीचा जॅक ७५ ते ९० मिलिमीटरपर्यंत खाली जातो. तरीही पुढे आलेल्या बंपरमुळे मधल्या आधारबिंदूपर्यंत तो पोहोचेलच असे नाही. साध्या चढत्या रॅम्पवर गाडी नेल्यास चाक चढण्याआधीच बंपरची खालची कड रॅम्पला घासते.

दुसरी अडचण तळावरील आवरणाची असते. हवेचा प्रवाह सुरळीत राहावा म्हणून इंजिनाखाली सपाट पत्रा किंवा प्लॅस्टिकचे आवरण बसविलेले असते. ते काढल्याशिवाय ड्रेन बोल्ट दिसत नाही. तिसरी अडचण इंजिनाच्या जागेची असते. इंजिन पुढे, मध्यभागी की मागे आहे यावर ड्रेन बोल्टची जागा अवलंबून असते. मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत केवळ पुढची बाजू उचलून उपयोग होत नाही.

गोवा व महाराष्ट्रात तयार झालेल्या दोन गाड्यांतून हा फरक स्पष्ट होतो. गोव्यात सॅन मोटर्सने बनविलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीत रेनोचे १,१४९ घनसेंमीचे इंजिन पुढे बसविलेले असून ते पुढची चाके फिरविते. त्यामुळे तिची इंजिनाची मांडणी लहान कौटुंबिक मोटारीसारखी आहे. मात्र तिचे बाह्यांग फायबरग्लासचे असल्याने जॅक बाह्यांगाच्या कडेला लावल्यास ती तडकण्याची शक्यता असते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये सादर केलेल्या डीसी अवंती या गाडीत रेनोचे १,९९८ घनसेंमीचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे आहे. भारतीय रस्ते लक्षात घेऊन तिचा तळ सुमारे १७० मिलिमीटर उंच ठेवण्यात आला, जो या वर्गात अपवादात्मक आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर धरलेली आहे. प्रत्यक्षातील अनेक गतिरोधक त्याहून उंच असतात. त्यामुळे कमी उंचीच्या गाडीत तळाचे आवरण, तेलपात्र व ड्रेन बोल्ट यांना मार लागला आहे का, हे प्रत्येक तेलबदलाच्या वेळी पाहणे इष्ट असते.

गाडी उचलणे

गाडी कठीण व सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावतात आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात. जॅक आत जाण्यापुरती उंची मिळविण्यासाठी गाडी आधी ४० ते ५० मिलिमीटर जाडीच्या रुंद लाकडी फळ्यांवर चढविण्याची पद्धत आहे. त्यानंतर निर्मात्याने दाखविलेल्या बिंदूवरच जॅक लावून गाडी उचलतात व ठरावीक आधारबिंदूंखाली जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील घोड्या, ठेवतात.

जॅक हे केवळ उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हायड्रॉलिक जॅकचे सील गळल्यास भार क्षणात खाली येऊ शकतो. म्हणून केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. विटा, दगड किंवा सिमेंटचे ठोकळे आधाराला वापरू नयेत, कारण ते पूर्वसूचनेशिवाय फुटतात. गाडी घोड्यांवर ठेवल्यानंतर बाजूने जोर लावून ती हलत नाही याची खात्री करतात, मगच खाली जातात. सोबत दुसरी व्यक्ती असणे आवश्यक मानले जाते.

गाडी एका बाजूने तिरकी राहिल्यास काही तेल पात्राच्या कोपऱ्यात अडकून राहते. त्यामुळे चारही बाजूंनी सारख्या उंचीवर आधार देणे श्रेयस्कर असते. महामार्गालगतच्या अनेक गॅरेजांत यासाठी जमिनीत खड्डा केलेला असतो. त्यावर गाडी समपातळीत राहते व ती उचलावी लागत नाही. मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचते, म्हणून तेथे ज्योत किंवा ठिणगी वर्ज्य असते.

तेल काढणे व भरणे

इंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट करतात व बंद करतात. कोमट तेल सहज वाहते व गाळही सोबत नेते. फार तापलेल्या तेलाने मात्र हात भाजतो. वरचे झाकण उघडून खाली पुरेशा आकाराचे भांडे ठेवतात आणि ड्रेन बोल्ट सैल करतात. स्पोर्ट्स कारमध्ये तेलाचे प्रमाण नेहमीच्या मोटारीपेक्षा जास्त असू शकते. त्यामुळे भांड्याची क्षमता आधी तपासावी लागते. वापरलेल्या तेलात त्वचेला अपायकारक हायड्रोकार्बन असल्याने हातमोजे घालतात.

तेल निथळल्यावर बोल्टचा वॉशर बदलतात. तांबे किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा तसाच घट्ट बसत नाही. बोल्ट टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मूल्यापर्यंतच आवळतात. तेलपात्र ॲल्युमिनियमचे असल्यास अतिरिक्त जोराने त्याचे आटे जाऊ शकतात आणि संपूर्ण पात्र बदलण्याचा खर्च येतो. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे पाहतात. दोन कडी एकावर एक बसल्यास दाबाने तेल बाहेर फेकले जाते व इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. नव्या फिल्टरच्या कड्याला तेलाचा हात लावून तो हातानेच बसवितात.

ठरलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी तेल भरून इंजिन सुरू करतात. तेलदाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, अन्यथा इंजिन लगेच बंद करावे लागते. त्यानंतर गळती तपासून, गाडी खाली उतरवून सपाट जागेवर पातळी मोजतात व उरलेले तेल थोडे थोडे भरतात. जास्त तेलही घातक असते, कारण फिरत्या क्रँकने ते घुसळून त्यात फेस होतो आणि फेसाळ तेल दाब धरत नाही.

डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल शोषून घेणे हा गाडी न उचलण्याचा पर्याय आहे. तो सर्व इंजिनांना लागू पडत नाही. शिवाय फिल्टर खालच्या बाजूस असल्यास गाडी उचलावीच लागते.

ड्राय संप इंजिने

वेगाने वळण घेताना तेल पात्राच्या एका बाजूला सरकते व पंपाला हवा लागते. हे टाळण्यासाठी काही स्पोर्ट्स कारमध्ये तेल वेगळ्या टाकीत साठविले जाते. या रचनेला ड्राय संप म्हणतात. अशा इंजिनात इंजिन व टाकी अशा दोन्ही ठिकाणांहून तेल काढावे लागू शकते. पातळी मोजण्याची रीतही वेगळी असते. उदाहरणार्थ, जुन्या हवा-शीत पोर्शे ९११ मध्ये इंजिन तापलेले व मंद गतीने चालू असताना, सपाट जागेवर पातळी पाहतात. बंद इंजिनावर पट्टी कोरडी दिसली म्हणून तेल भरल्यास ते प्रमाणाबाहेर जाते.

पनवेल परिसरातील परिस्थिती

बेलपाडा हे सायन–पनवेल महामार्गालगतचे गाव आता सिडकोने वसविलेल्या खारघरचा भाग असून २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. अशा उपनगरी वस्तीत स्वतंत्र गॅरेज क्वचितच असते आणि गाड्या इमारतीखालच्या वाहनतळावर उभ्या राहतात. तेथील पेव्हर ब्लॉक भाराने खचतात किंवा सरकतात, त्यामुळे घोडीखाली जाड प्लायवूड ठेवून भार पसरवावा लागतो. तळघरातील वाहनतळाला बऱ्याचदा उतार असतो. उतारावर गाडी उचलू नये. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोकाही असतो.

पावसाळ्यात कमी उंचीच्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरण्याची शक्यता अधिक असते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. अशी गाडी सुरू न करता आधी तपासणी करून तेल व फिल्टर बदलावे लागतात.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ अन्वये वापरलेले तेल नियंत्रित कचरा आहे. २०२३ साली या नियमांत केलेल्या सुधारणेनुसार १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाबाबत उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली. महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. घरी काढलेले तेल झाकणबंद डब्यात, पाणी किंवा इतर द्रव न मिसळता साठवून ते गोळा करणाऱ्या गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचविणे हा योग्य मार्ग आहे. फिल्टरमध्येही तेल उरते, म्हणून तो आधी पालथा ठेवून निथळवितात.

हे तेल गटारात ओतल्यास त्याचे परिणाम दूरवर जातात. खारघर व बेलपाडा परिसरातील पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीकडे वाहते. तेथील तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. तेलाचा थर बसल्यास त्यांवरील सूक्ष्म छिद्रे बुजतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन सांडलेल्या तेलाची झळ नवी मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीला बसली होती. ती गळती शेकडो टनांची होती आणि एका मोटारीतून निघणारे तेल काही लिटरच असते. परंतु जहाजाची टक्कर क्वचित होते, तर मोटारींचे तेल दरवर्षी बदलावे लागते.