भय, किळस आणि करुणा : ‘ले रेझँ द ला मोर’ या फ्रेंच ग्रामीण भयपटाचे प्रेक्षकग्रहण

प्रास्ताविक

भयपट पाहणाऱ्याची प्रतिक्रिया हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट विद्यापीठीय वर्तुळात अजूनही सहजपणे स्वीकारली जात नाही. शोकात्मिकेच्या प्रेक्षकाविषयी ॲरिस्टॉटलपासून आजवर विपुल लेखन झाले. भयपटाच्या प्रेक्षकाला मात्र ‘थरार शोधणारा’ एवढ्या एका विशेषणात बसविले जाते. हे वर्गीकरण किती अपुरे आहे, हे एखाद्या चाकोरीबाहेरच्या चित्रपटाच्या संदर्भात विशेषत्वाने जाणवते. ज्याँ रोलँ (१९३८–२०१०) या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ले रेझँ द ला मोर’, म्हणजे ‘मृत्यूची द्राक्षे’, हा १९७८ मधील चित्रपट त्या दृष्टीने उद्बोधक ठरतो. हा चित्रपट पाहून कोणी हसतो, कोणी कंटाळतो, कोणाला शिसारी येते, तर कोणाचे डोळे पाणावतात. एकाच कलाकृतीला इतके परस्परविरोधी प्रतिसाद का मिळतात, याची उकल करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानक

चित्रपटाची सुरुवात द्राक्षमळ्यात होते. तोंडाला फडके बांधलेले मजूर वेलींवर औषध फवारीत आहेत. त्यांतील एकाला मान दुखू लागते. त्याच्या तक्रारीकडे मळ्याचा व्यवस्थापक मिशेल फारसे लक्ष देत नाही. इकडे मिशेलची वाग्दत्त वधू एलिझाबेत (मारी-जॉर्ज पास्काल) त्याला भेटण्यासाठी जवळजवळ रिकाम्या आगगाडीने निघालेली असते. वाटेत तिच्या डब्यात आलेल्या एका माणसाचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत सडू लागतो. सोबतच्या मैत्रिणीचा खून झालेला पाहून ती गाडी थांबवते आणि ओसाड डोंगराळ मुलखात पळत सुटते. पुढे कळते ते एवढेच की, नव्या कीटकनाशकाचा अंश उतरलेली वाइन प्यायलेले गावकरी शरीराने कुजत आहेत आणि हिंसक होत आहेत. शेवटपर्यंत धडधाकट राहतात ते बिअर पिणारे दोघे!

कथा एवढीच आहे. तिच्यात रचनेचा घट्टपणा नाही; नायिका एका घरातून दुसऱ्या घरात, एका संकटातून दुसऱ्या संकटात जात राहते. कथानकाची बांधणी हाच ज्यांचा निकष आहे, त्यांना हा चित्रपट सैल वाटणे स्वाभाविक आहे आणि ते अन्यायाचेही नाही.

अपेक्षांचे क्षितिज

हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन समीक्षकाने वाचक आपल्या पूर्वानुभवातून घडलेले ‘अपेक्षांचे क्षितिज’ घेऊन कलाकृतीकडे येतो, असे प्रतिपादन केले. रोलँच्या प्रेक्षकाच्या बाबतीत या क्षितिजाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘ल व्हिओल द्यु व्हाँपीर’ मे १९६८ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. एका जुन्या अमेरिकन भयपटाला जोड म्हणून केलेला तो मुळात लघुपट होता. पुढे त्याला दुसरा भाग जोडून तो लांबविण्यात आला आणि पहिल्या भागात मेलेली पात्रे दुसऱ्या भागासाठी पुन्हा जिवंत करण्यात आली. संप आणि विद्यार्थी आंदोलनामुळे नवे चित्रपट जवळजवळ नव्हतेच. साहजिकच गर्दी लोटली. त्या गर्दीने पडद्यावर वस्तू फेकल्या, आरडाओरडा केला. वृत्तपत्रांनीही कठोर टीका केली. रस्त्यावर अश्रुधुराच्या नळकांड्या फुटत असताना पडद्यावरील रक्तपिपासू छायांना अर्थ काय, हा प्रेक्षकाचा प्रश्न समजण्यासारखा होता. तथापि रोलँला त्यामुळे दीर्घकाळ सहन करावे लागले. सत्तरच्या दशकात त्याने उपजीविकेसाठी टोपणनावाने प्रौढांसाठीचे चित्रपटही केले.

या पार्श्वभूमीवर १९७८ चा प्रेक्षक दोन प्रकारच्या अपेक्षा घेऊन आला असे म्हणता येते. रोलँला ओळखणाऱ्यास स्वप्नसदृश व्हॅम्पायरकथा अपेक्षित होती. ज्याने जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) पाहिला होता, त्यास प्रेतांच्या झुंडी, वेढा आणि प्रतिकार अपेक्षित होता. रोलँने दोघांनाही पूर्णपणे तृप्त केले नाही. त्याचे गावकरी मेलेले नाहीत. ते जिवंत आहेत, आपल्याला काय होत आहे हे त्यांना कळते, आणि आपल्या हातून घडलेल्या कृत्याने ते व्यथितही होतात. चित्रपटाच्या ग्रहणातील सारा गुंता या एका फरकातून निर्माण झाला आहे.

रससिद्धान्ताच्या प्रकाशात

अमेरिकन तत्त्वज्ञ नोएल कॅरोल यांनी भयपटावरील १९९० च्या ग्रंथात असे मांडले की, भयपटातील राक्षस हा एकाच वेळी धोकादायक आणि अशुद्ध असतो. म्हणून प्रेक्षकाची भावना भय आणि किळस यांच्या मिश्रणातून सिद्ध होते. भारतीय अभ्यासकास हे मिश्रण अपरिचित नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानून बीभत्सापासून भयानक आणि रौद्रापासून करुण उत्पन्न होतो, असे सांगितले आहे. (यावरून भरताने कॅरोल यांना आधीच गाठले होते, असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.) भरत बीभत्सातही भेद करतो : रक्तादींपासून होणारा तो क्षोभज, विष्ठा-कृमी यांपासून होणारा तो उद्वेगी. रोलँच्या चित्रपटात रक्त आहे, परंतु प्रेक्षकाला अधिक अस्वस्थ करतात त्या वाहणाऱ्या, पिवळट जखमा. त्या उद्वेगी प्रकाराच्या जवळ जातात.

आता रौद्रापासून करुण, हे सूत्र लावून पाहावे. एलिझाबेत ज्या पहिल्या घरात आश्रय घेते, तेथील बाप तिच्यासमोर स्वतःच्या मुलीला शेतीच्या पंजाने भोसकून मारतो. हे रौद्राचे टोक झाले. पण काही क्षणांतच तोच बाप भानावर येतो आणि आपल्यालाही मारून टाकावे अशी याचना करतो. प्रेक्षक ज्याच्यापासून पळू पाहत होता, त्याच्याचविषयी त्याला कणव वाटू लागते. पुढे लुसी या अंध मुलीचा वध तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसाच्याच हातून होतो. येथे खलनायक नाही. भीती ज्याची वाटावी तो स्वतःच पीडित आहे. ज्या प्रेक्षकाला शुद्ध भयानक हवा असतो, त्याचा येथे रसभंग होतो. उलट काहींना या चित्रपटाचे वेगळेपण नेमके येथेच सापडते.

मग हसू का येते? जखमांची रंगभूषा स्वस्त आहे, हे उघड आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली असून त्यांतील पहिले म्हणजे दाखविले जात आहे ते संभवनीयच न वाटणे. रबरी त्वचा दिसली की हे विघ्न उपस्थित होते. शिवाय कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य निर्माण होऊ शकते, असेही त्याने म्हटले आहे. म्हणजे चित्रपटगृहातील हशा हा प्रेक्षकाच्या असंस्कृतपणाचा पुरावा नसून रसाभासाचा परिणाम असतो. महाविद्यालयात भयपट दाखविताना विद्यार्थी हसले की शिक्षक अस्वस्थ होतात. वास्तविक कोणत्या क्षणी हसले आणि कोणत्या क्षणी हसणे थांबले, याची नोंद घेतली तर चर्चेला तेथूनच आरंभ करता येईल.

सात विघ्नांपैकी ‘संशययोग’ हे या चित्रपटाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचे होय. एकच अनुभाव अनेक भावांचा असू शकतो. अश्रू दुःखाचे असतील, आनंदाचेही असतील. म्हणून विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा मेळ नसेल तर प्रेक्षक संशयात पडतो. रोलँची पात्रे हिंसा करताना बहुधा निर्विकार किंवा खिन्न दिसतात. हा क्रोध, की वेदना, की केवळ दुबळा अभिनय? संस्कृत शास्त्रकार यास दोष मानतील. परंतु आजाराने माणसाचे माणूसपण अर्धेच गेले आहे, हे दाखवायचे असेल तर हा संशय दोष न राहता साधन ठरतो, असे येथे सुचवावेसे वाटते. सर्वच ठिकाणी ही सबब चालणार नाही. काही प्रसंगांत अभिनय खरोखरच दुबळा आहे.

ब्रिजित लाए हिच्या प्रसंगाचा उल्लेखही आवश्यक आहे. प्रौढांसाठीच्या चित्रपटांतून ती फ्रेंच प्रेक्षकाला परिचित होती. आपल्या अंगावर एकही व्रण नाही हे सिद्ध करण्यासाठी तिचे पात्र थंडीत वस्त्रे उतरवते. शृंगाराची अपेक्षा जागी होते आणि लगेच मोडते, कारण निर्मळ त्वचेच्या आड रोग दडलेला आहेच. प्रेक्षकाच्या पूर्वज्ञानाचा असा उपयोग या चित्रपटात पुन्हा झालेला नाही.

खेडे आणि विष

चित्रीकरण दक्षिण फ्रान्समधील सेवेनच्या डोंगराळ भागात, कडाक्याच्या थंडीत झाले. दगडी घरे, धुके, निर्मनुष्य वाटा यांविषयी चित्रपट नापसंत करणारेही बहुधा चांगलेच बोलतात. हे ओसाडपण केवळ नेपथ्य नव्हते. शहरांकडे झालेल्या स्थलांतरामुळे सेवेनमधील अनेक वस्त्या खरोखरच रिकाम्या झाल्या होत्या. जवळच्या लार्झाक पठारावर लष्करी तळाच्या विस्ताराविरुद्ध शेतकऱ्यांचा लढा १९७१ पासून सुरू होता. तो १९८१ मध्ये, मितेराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, विस्ताराचा बेत रद्द होऊन संपला. मार्च १९७६ मध्ये माँरदाँ येथे द्राक्षउत्पादक आणि पोलीस यांच्यातील चकमकीत दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मारला गेला. वाइन हा त्या काळी दक्षिणेत पोटाचा आणि रक्ताचाही प्रश्न होता.

याहून जुनी एक आठवण आहे. ऑगस्ट १९५१ मध्ये ऱ्होन नदीकाठच्या पाँ-सँ-एस्प्री या गावी पाव खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. अनेकांना भयंकर भास होऊ लागले, काहींना मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि काही दगावले. धान्यावरील अरगट बुरशीपासून बियाण्यास लावलेल्या पारायुक्त औषधापर्यंत अनेक कारणे पुढे आली, तरी वाद मिटला नाही. चित्रपट या घटनेवर आधारलेला आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण पाव आणि वाइन यांवर ज्या समाजाचे रोजचे जेवण आणि उपासना दोन्ही उभी आहेत, त्याला या कल्पनेतील विटंबना समजावून सांगावी लागत नाही. परदेशी प्रेक्षकाला विषारी वाइन ही गमतीदार युक्ती वाटते आणि तो बिअरवाल्यांच्या सुटकेवर हसतो. फ्रेंच ग्रामीण प्रेक्षकाला तीच युक्ती घराच्या तळघरापर्यंत पोहोचलेली जाणवू शकते. फवारणीचा इतिहास जगणाऱ्या कोणत्याही द्राक्षपट्ट्यातील प्रेक्षक बहुधा या दुसऱ्याच्या अधिक जवळ असेल.

उत्तरकालीन प्रेक्षक

व्हिडिओ आणि पुढे डीव्हीडीच्या काळात रोलँला इंग्रजीभाषक जगात नवा प्रेक्षक मिळाला. तो घरी, एकट्याने, मध्येच थांबवून पाहणारा होता. चित्रपटगृहात सामुदायिक हशा जे पाडून टाकतो, ते एकांतात टिकते. संथपणाला ‘कंटाळवाणे’ म्हणणारे आजही आहेतच, पण त्याच संथपणाला ‘स्वप्नवत’ म्हणणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. त्यांच्या गुणगानात अतिशयोक्ती पुष्कळ असते. दुर्लक्षित दिग्दर्शकाला एकदम कवी ठरविण्याची घाई भयपटांच्या चाहत्यांत नेहमीच दिसते. तरीही चित्रपटाच्या शेवटाबाबत हे दोन्ही वर्ग बरेचसे एकत्र येतात. एलिझाबेतला मिशेल सापडतो, तोही रोगग्रस्त झालेला. फवारणीचा दोष आपला, हे तो कबूल करतो. बिअर पिणाऱ्यांच्या गोळीने तो मरतो आणि एलिझाबेत, जिला इतका वेळ प्रेक्षक वाचलेली समजत होता, त्या दोघा निरोगी माणसांना गोळ्या घालते. तिने वाइन घेतली होती काय? चित्रपट सांगत नाही. मिशेलच्या शरीरातून ठिबकणारे रक्त तिच्या चेहऱ्यावर पडत राहते आणि ती बाजूला होत नाही.