पालिकेचा कार्बन, लेखांक 9 : जॅकवेलचं वीजबिल

कचरा डेपोतला मिथेन आज घ्यायचा होता. तो एक आठवडा थांबेल, कारण मुंबईच्या हवामान आराखड्यावरचा लेख वाचून मराठवाड्यातल्या एका नगरसेविकेचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न मला पुढे ढकलवत नाही. त्या लिहितात, वर्षाला 2 कोटी 34 लाख टन उत्सर्जनाचा हा हिशेब मुंबईचा झाला. आमच्या गावात ना कारखाना, ना सिटी बस, ना टोलेजंग इमारती, मग आम्ही मोजायचं काय?

ताई, पाणीपुरवठा विभागात जा आणि जॅकवेलच्या, म्हणजे जिथून पंप पाणी उपसतात त्या विहिरीच्या, वीजबिलांची फाइल मागा. लहान पालिकांमध्ये सगळ्यांत जड वीजबिल साधारणपणे पाणी उपशाचंच असतं. हवामान आराखड्याचं पहिलं पान त्या फाइलवरून लिहावं, असं माझं ठाम मत आहे. वाहनं, घरं, दुकानं यांच्यावर पालिकेचा अधिकार तोकडा पडतो. पंप मात्र तिचा स्वतःचा, बिलही तिचंच.

कुठेही काही वाया गेलं नाही, तर एक युनिट विजेत हजार लिटर पाणी 367 मीटर चढतं. प्रत्यक्षात पंप आणि मोटार मिळून साठ टक्के काम झालं तर 220 मीटर. झिजलेल्या पंपावर त्याहून कमी. आता आपल्याकडचे चढ बघा. जायकवाडी धरणाचा नाथसागर काठोकाठ भरला तरी पाण्याची पातळी 1522 फूट, म्हणजे 464 मीटर. ते पाणी जिथे चढवायचं ते छत्रपती संभाजीनगर आहे 568 मीटरच्या आसपास. शंभरेक मीटरचा चढ, त्यावर लांबलचक जलवाहिनीतलं घर्षण. मुंबईला तानसा-वैतरणेचं पाणी उताराने मिळतं. मुंबईचा आराखडा समोर ठेवून गावाचा लिहिला, तर गावातली सर्वांत मोठी गोष्टच त्यातून सुटेल.

एक लाख वस्तीचं गाव धरू. माणशी 135 लिटर, घर्षणासकट शंभर मीटर चढ, साठ टक्के कार्यक्षमता. हजार लिटरला 0.45 युनिट, वर्षाला 22 लाख युनिट. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दीड हजार टनांच्या वर. आणि हे गळती शून्य धरून! तीस टक्के पाणी वाटेत मुरत असेल, तर घराघरांत तेवढंच पोहोचवायला 32 लाख युनिट लागतात. वरचे दहाएक लाख युनिट पाणी जमिनीत जिरवण्यावर खर्च होतात. म्हणून जुनी पाइपलाइन बदलणं हे मी हवामानाचंच काम मानतो. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. नळाला मीटर असला की गळती हिशेबात दिसते, आणि दिसली की शोधता येते.

पंपाचं एक दुखणं मी अनेक पंपहाऊसांत पाहिलं आहे. पंप निवडतात पंधरा वर्षांनंतरची लोकसंख्या धरून. आज तेवढं पाणी नको असतं, म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतो. पंप जोर लावत राहतो आणि त्यातला बराच जोर व्हॉल्व्हमध्येच मरतो. यावर हल्ली सगळीकडे व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, सुचवतात. लांब, सपाट वाहिनीवर त्याचा खरंच फायदा होतो, कारण तिथे झगडा घर्षणाशी असतो. सरळ डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल तर वेग फार उतरवता येत नाही. पाणी वर पोहोचतच नाही. तिथे इम्पेलर घासून लहान करणं किंवा योग्य मापाचा पंप घेणं बरं. तीस वर्षं एकाच पंपहाऊसवर काढलेल्या ऑपरेटरला हे तोंडपाठ असतं. आराखड्याच्या बैठकीला त्याला बोलवा, मानाने खुर्ची द्या.

फाइल वाचताना रुपयांच्या रकान्यावर विसंबू नका. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला, करारातली मागणी नेमकी ठेवली, की बिल उतरतं. हे जरूर करावं. उत्सर्जन मात्र जवळपास होतं तिथेच राहतं. उच्चदाब बिलावर केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच असे दोन आकडे असतात. आपल्याला केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली वीज, हवा.

ताईंचं जॅकवेल धरणाकाठी, पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहरांचं उत्सर्जन मोजण्यासाठी 2014 मध्ये आलेली जीपीसी पद्धत हद्द धरून चालते: हद्दीत वापरलेली ग्रिडची वीज ‘स्कोप 2’मध्ये. हद्दीबाहेरच्या पंपाची वीज त्यात बसत नाही, आणि सल्लागार ती निमूटपणे गाळू शकतो. गाळू देऊ नका. पालिकेच्या स्वतःच्या कारभाराचा ताळेबंद वेगळा मांडता येतो, आणि तिथे पंप कोणाच्या ताब्यात एवढंच बघतात. शहराच्या तक्त्यातही ती वीज बेरजेबाहेरची ओळ म्हणून दाखवावी, असं मला वाटतं. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाच्या पंचतत्त्वांतही पंपहाऊस जल आणि अग्नी दोन्हींत येतं; दोन विभागांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी त्याचा एक जबाबदार अधिकारी ठरवा.

फ्लोमीटर बंद आहे, असंही पत्रात आहे. अडत नाही. उंच टाकीतून खाली जाणाऱ्या वाहिनीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, पातळी मोजायची, तासभर पंप चालवायचा, पुन्हा पातळी मोजायची. टाकीचं क्षेत्रफळ गुणिले चढलेली उंची म्हणजे आलेलं पाणी. त्याच तासातले वीजमीटरवरचे युनिट लिहून घ्या. वाटेत एखादी मधली टाकी किंवा दुसरा पंप असेल, तर प्रत्येक टप्पा वेगळा मोजा. हजार लिटरमागे किती युनिट पडले ते मला कळवा, चढाच्या उंचीसकट. डेपोतला मिथेन पुढच्या आठवड्यात.