सायनसवरून कळतं, कवटी पुरुषाची की स्त्रीची?

परवा एका पेशंटला त्यांचा सीटी स्कॅन दाखवत होतो. नाकाच्या एका बाजूची पोकळी (म्हणजेच सायनस) काळी, दुसरी राखाडी. काळी म्हणजे हवा, राखाडी म्हणजे साठलेला कफ. त्यांनी विचारलं, "ही पोकळी सगळ्यांची सारखीच असते का हो?"

नाही! आणि म्हणूनच फॉरेन्सिकवाल्यांना ती फार मोलाची वाटते.

वरच्या जबड्याच्या हाडातलं मॅक्सिलरी सायनस हे सगळ्यांत मोठं सायनस. आगीत किंवा अपघातात कवटीचे तुकडे झाले, तरी हा भाग बऱ्याचदा शाबूत सापडतो. सीटीवर त्याची उंची, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. पुरुषांत ही मापं सरासरीने मोठी भरतात.

पण काही पुरुषांची आणि स्त्रियांची मापं एकसारखीही येतात. शिवाय एका प्रदेशातल्या लोकांचे आकडे दुसरीकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यामुळे कटीचं हाड मिळालं, तर आधी तेच बघतात. सायनस जोडीला.

कपाळातल्या फ्रंटल सायनसची तर गोष्टच वेगळी. त्याची नक्षी प्रत्येकाची निराळी, अगदी एकसारख्या जुळ्यांचीसुद्धा! जुन्या एक्स-रेशी ती ताडून ओळख पटवल्याची नोंद कल्बर्ट आणि लॉ या अमेरिकी डॉक्टरांनी 1927 मध्येच केली होती.

म्हणून सांगतो, जुने एक्स-रे आणि स्कॅन रद्दीत टाकू नका.