खुला लॅपटॉप, भाग ९ : वाय-फाय नेमकं कुठे अडलंय?

लॅपटॉपवर लिनक्स बसवून झालं, की पुढचा फोन बहुतेक वेळा वाय-फायचाच असतो. ‘वाय-फाय चालत नाही.’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, म्हणून मी उलटं विचारतो. वाय-फायचं चिन्ह तरी दिसतंय का? दिसत असेल तर यादीत घरच्या राउटरचं नाव येतंय का? नाव येत असेल तर जोडलं जाऊन टिकतंय का? आणि जोडलं जात असेल तर पान उघडतंय का? या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवरचा बिघाड वेगळा, उपाय वेगळा. पायरी न ओळखता इंटरनेटवर सापडेल ती आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवत सुटलं, की चौथ्या पायरीवरचा किरकोळ बिघाड पहिल्या पायरीवर येऊन बसतो. चांगला चालणारा ड्रायव्हर काढून टाकून बसलेले किती तरी जण मी पाहिले आहेत.

लॅपटॉपला हात लावण्याआधी राउटरकडे बघा. पनवेलमध्ये पावसाळ्यात वीज जाते-येते, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर केबलवाल्याला फोन करा. लॅपटॉपचा काही दोष नाही. मोबाइल त्याच वाय-फायवर नीट चालत असेल, तरच पुढे जायचं.

वेगळं सांगितलं नसेल तिथे पुढच्या सगळ्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पातले लिनक्सचे पाठ मराठी आवाजातही आहेत; दोन-तीन ऐकले तरी हात मोकळा होतो.

आता पहिली पायरी. चिन्हच नाही, सेटिंगमध्ये ‘वाय-फाय अडॅप्टर सापडला नाही’ असं येतंय. अशा वेळी एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा द्या, तिच्यापुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि एन-एन-के. लॅपटॉपमधल्या कार्डांची यादी येईल. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. इंटेलचा आकडा ८०८६, म्हणजे १९७८ साली आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव. १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी असेल तर रियलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. मदत मागताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून फारसा उपयोग नसतो, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या खेपांना वेगवेगळी कार्डं घालतात. हे आकडे मात्र फसवत नाहीत.

त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे. तरीही चिन्ह नसेल, तर बहुधा फर्मवेअर नाही. ड्रायव्हर हा लिनक्सच्या बाजूचा, कार्डाशी बोलणारा भाग. फर्मवेअर हा कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम. तो कंपनीने बनवलेला असतो आणि लॅपटॉप सुरू होताना डिस्कवरून कार्डात ओतावा लागतो. ती फाइल डिस्कवर नसेल तर कार्ड जागं होत नाही. आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा दिली, की कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही उघडते. तीत ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. फाइलचं नाव आणि त्यापुढे ‘एरर उणे २’ दिसलं, तर उणे २ चा अर्थ ‘अशी फाइल नाही’ एवढाच. यंत्र हव्या असलेल्या फाइलचं पूर्ण नाव आपल्याला सांगतंय. उबुंटूत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत केलं, की ती बहुतेक वेळा मिळते.

इथे थोडं थांबतो, कारण लिनक्सवर वाय-फाय रखडतं या समजुतीचं मूळ इथे आहे. लिनक्स १९९१ पासून आहे, पण वाय-फाय चिपच्या अनेक कंपन्यांनी आपल्या चिपची माहिती वर्षानुवर्षं कुणाला दिली नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपसाठीचा बी४३ हा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून, त्यावरून चिप कशी वागते हे समजून घेऊन लिहिला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. फर्मवेअर अजूनही बहुतेक बंदच आहे. डेबियनने तत्त्वाला धरून हे बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. परिणाम असा, की ज्या फाइलने वाय-फाय सुरू होणार ती आणायला वाय-फायच लागायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत येऊ लागलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. तत्त्व महत्त्वाचं आहेच, पण पहिल्याच दिवशी इंटरनेट न मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी खुल्या प्रणालीकडे फिरकत नाही. तुमच्याकडे डेबियनची जुनी सीडी किंवा पेनड्राइव्ह असेल तर ती बाजूला ठेवा आणि नवी आवृत्ती उतरवून घ्या.

वाय-फायच नसताना फाइल आणायची कशी? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क समजून लगेच जोडून घेतं, कुठलाही ड्रायव्हर बसवावा लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच वाय-फाय वायरमधून पुढे देतात, त्यामुळे मोबाइलचा डेटाही खर्ची पडत नाही. एवढं एक माहीत असलं तरी अर्धी काळजी मिटते.

चिन्ह आहे पण वाय-फाय चालूच होत नाही, अशी एक मधली अवस्था असते. तिथे आर-एफ-किल आणि पुढे लिस्ट ही आज्ञा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ आलं तर लिस्टच्या जागी अनब्लॉक ऑल लिहून सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ आलं तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा लॅपटॉपच्या कडेची बारीक खटकी बघा. शेजारी विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि काही कार्डं त्याच अवस्थेत अडकून लिनक्सला दाद देत नाहीत.

दुसरी पायरी : शेजाऱ्यांची सगळी नावं दिसतात, आपलंच दिसत नाही. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे इथल्या इमारतींत हे हमखास होतं. एका मजल्यावर चार घरं, घरटी एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या १३, पण त्या एकमेकींपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येक वाहिनी पसरते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून १, ६ आणि ११ या तीन एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. वीज जाऊन आली की राउटर पुन्हा सुरू होतो, गर्दी बघतो आणि मोकळी वाहिनी म्हणून कधी कधी १२ किंवा १३ पकडतो. भारतात ते कायदेशीर आहे. २००५ मध्ये केंद्र सरकारने हा पट्टा परवानामुक्त केला. अमेरिकेत मात्र वाय-फाय साधारणपणे ११ व्या वाहिनीवरच थांबतं. तुमच्या लॅपटॉपचं कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत असेल, तर ते १२ आणि १३ कडे कान देत नाही. मोबाइलला दिसणारं नाव लॅपटॉपला दिसत नाही, ते यामुळे.

तपासायला आय-डब्ल्यू, आर-ई-जी, जी-ई-टी हे तीन तुकडे मध्ये जागा सोडून लिहा. उत्तरात देशाच्या जागी ‘यूएस’ आलं तर शेवटच्या तुकड्याऐवजी एस-ई-टी आणि पुढे मोठ्या अक्षरांत आय-एन लिहा, सुरुवातीला सुडो. लॅपटॉप बंद केला की ही सेटिंग जाते, म्हणून चालतंय याची खात्री झाल्यावर ती सीएफजी८०२११ या मॉड्यूलच्या पर्यायांत कायमची लिहून ठेवावी. काही कार्डांत देश कारखान्यातच पक्का केलेला असतो. त्यांच्यापुढे इलाज चालत नाही. मग सरळ राउटरच्या पानावर जाऊन ‘ऑटो’ काढायचं आणि १, ६, ११ यांपैकी एक वाहिनी पक्की करायची. राउटर ५ गिगाहर्ट्झचा असेल तर तो पट्टा वापरा. २०१८ च्या अधिसूचनेने तिथे भरपूर जागा मोकळी झाली आहे. फक्त काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना तो दमतो, हे लक्षात ठेवून राउटर हॉलच्या कोपऱ्यातून मध्यावर आणा.

तिसरी पायरी म्हणजे जोडलं जातं पण टिकत नाही. इथे एक उदाहरण जवळून सांगण्यासारखं आहे. खांदा कॉलनीतल्या एका बीएस्सीच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप राउटर टेबलावर शेजारी असेल तरच चालायचा. स्वयंपाकघरात नेला की तुटायचा. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो : उणे ४० उत्तम, उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ८० च्या पलीकडे आशा सोडावी. त्याच्याकडे राउटरपासून हातभर अंतरावर उणे ७५ च्या आसपास येत होतं. ड्रायव्हर बरोबर, फर्मवेअर बरोबर. मग मागचं झाकण उघडलं. कार्डावर अँटेनाच्या वायरसाठी दोन गोल टोकं होती आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी वायर जोडली होती एकालाच. ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकाकडे कान लावून बसला होता. त्याच्या कार्डावरच्या आरटीएल८७२३बीई या चिपच्या ड्रायव्हरमध्ये अशा लॅपटॉपांसाठी वेगळा पर्याय ठेवला आहे : ए-एन-टी, अधोरेषा, एस-ई-एल, बरोबरचं चिन्ह, आणि १ किंवा २. त्याने २ लिहिलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि आकडा उणे ४० च्या घरात आला. हा पर्याय लिनक्समध्ये आला, कारण असेच लॅपटॉप घेतलेल्या लोकांनी झाकणं उघडून पाहिलं, आकडे लिहून पाठवले आणि ड्रायव्हर सुधारणाऱ्यांनी ते वाचले. खुल्या प्रणालीवर माझा जीव आहे तो याचसाठी.

सिग्नल भरपूर असून दर थोड्या वेळाने तुटत असेल, तर वीजबचत तपासा. उबुंटूत नेटवर्क मॅनेजरच्या फोल्डरात वाय-फाय पॉवरसेव्हची एक छोटी फाइल असते, तीत ३ हा आकडा असतो. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. २ करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण ऑनलाइन वर्ग मध्येच तुटणार नाही.

कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं, तर आधी जुन्या कर्नलवर परत जा. सुरू होताना ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली तो असतोच. तिथे चालत असेल तर बहुधा बाहेरून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेलेला नाही, किंवा ‘सिक्युअर बूट’ने सही नसलेला म्हणून त्याला अडवलं आहे.

चौथ्या पायरीवर लॅपटॉपचं कार्ड निर्दोष असतं. पिंग केल्यावर गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता उत्तर देतोय आणि नावाने मात्र काही उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय, बघा. पनवेल स्थानकावर गाडीची वाट बघताना रेलटेलच्या मोफत वाय-फायला जोडलं आणि नुसतं चक्र फिरत राहिलं, तर तिथे आधी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्यायचं पान उघडावं लागतं. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारी पानं वाटेत वळवता येत नाहीत, त्यामुळे ते पान समोर येत नाही. नुसत्या ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा एखादा पत्ता टाका, लगेच येईल. व्हीपीएन लावलेलं असेल किंवा डीएनएसमध्ये हाताने आकडे भरलेले असतील, तर तेवढ्यापुरतं ते काढा.

हे सगळं करूनही कार्ड दाद देत नसेल, तर कार्ड बदला. बहुतेक लॅपटॉपांत ते एम.२ प्रकारचं, बोटाच्या पेराएवढं असतं आणि एका स्क्रूवर बसतं. घेताना दोन गोष्टी बघा. इंटेलची ‘सीएनव्हीआय’ प्रकारची कार्डं फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरवरच चालतात, म्हणून ती टाळा. आणि काही जुने लॅपटॉप बायोसमध्ये नोंदलेल्या कार्डांखेरीज दुसरं कार्ड स्वीकारत नाहीत; तसं असेल तर यूएसबीचा छोटा अडॅप्टर घ्या. दुकानदाराला ‘लिनक्सवर चालेल का’ असं विचारू नका. चिपचा क्रमांक विचारा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर बघून मगच पैसे द्या.

पुढच्या आठवड्यात ब्लूटूथ. ते बहुतेक लॅपटॉपांत याच कार्डावर असतं, त्यामुळे आज वहीत लिहिलेले दोन आकडे हाताशी ठेवा.